फुकटच्या पाण्याची किंमत

दिवाळीच्या दिवसांत साखरेच्या डब्याला मुंग्या लागू नयेत म्हणून गृहिणी त्याखाली पाण्याची ताटली ठेवतात. त्या ताटलीत पाणी असते वाटीभर. पण डब्यातल्या साखरेने स्वतः किती पाणी प्यायले असेल, हा प्रश्न आपल्या घरांत कोणी विचारीत नाही. महाराष्ट्रात ऊस उभा असतो लागवडीच्या सुमारे ४ टक्के जमिनीवर, आणि सिंचनाच्या पाण्यातला त्याचा वाटा मात्र ७० टक्क्यांपर्यंत सांगितला जातो. मी मराठीचा प्राध्यापक. माझे गणित कच्चे. तरीही हे प्रमाण वाचून दचकायला झाले.

हा हिशेब शेतावर पाहण्याचा योग एका विद्यार्थ्यामुळे आला. त्याचे घर भवानीनगरजवळ, श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात. बारामती आणि इंदापूर या तालुक्यांना नीरेच्या डाव्या कालव्याने जवळजवळ दीडशे वर्षे पाजले आहे. ऊस हिरवागार होता. पण ओढ्याकडच्या खालच्या तुकड्यात जमिनीवर पांढरे काही पसरलेले दिसले. कोणाची रांगोळी सांडली की काय, असे मला वाटले. ते मीठ होते.

"पूर्वी हितं मनगटाएवढं कांडं यायचं, सर," विद्यार्थ्याचे आजोबा म्हणाले. विहिरीवरच्या मोटारीला 'ऑटो' बसवलेला होता. वीज आली की मोटार आपोआप सुरू. "लाइट येती रात्री दोनला. बिबट्याच्या भ्यानं कोण उठतंय?"

म्हातारबोवांचे चुकले कुठे? रात्रीची वीज, तीही फुकट! महाराष्ट्रात शेतीपंपांना पूर्वी बहुधा अश्वशक्तीवर वीज आकारली जाई. पंप तासभर चालो की रात्रभर, आकार तोच. एप्रिल २०२४ पासून बळीराजा मोफत वीज योजनेने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिलच उरले नाही. मग मोटार बंद करायला कोण धावेल? भारी काळ्या जमिनीत जास्तीचे पाणी झिरपून जात नाही. भूजल वर चढते, खालचे क्षार वर आणते, उन्हाने पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. त्यातच युरिया स्वस्त. २०१० साली खतांच्या अनुदानाची पद्धत बदलली, तेव्हा युरिया तेवढा वगळला गेला. त्याचे ४५ किलोचे पोते पावणेतीनशेच्या आत मिळते. साहजिकच तो गरजेपेक्षा जास्त पडतो. आपल्या पूर्वजांनी 'अति तेथे माती' म्हटले. इथे तर अति झाल्यावर मातीही उरत नाही.

गंमत म्हणजे हा धडा याच खोऱ्यात शतकापूर्वी शिकून झाला आहे. नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर हॅरल्ड मॅन आणि तम्हाणे यांनी १९१० साली स्वतंत्र पुस्तिका लिहिली. त्याआधी विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर 'ब्लॉक' पद्धत आणली. ठरलेल्या क्षेत्राला काही वर्षे पाण्याची हमी द्यायची. मात्र ऊस त्याच्या काही भागातच, बाकीत इतर पिके, आणि तीही आळीपाळीने. जमिनीला विसावा मिळावा आणि पाणी अधिक गावांना पोचावे, हा हेतू. शेतकऱ्यांनी आधी विरोध केला. पुढे ही पद्धत रुळली.

तर मग अनुदाने बंद करावीत काय? शहरात पंख्याखाली बसून असे म्हणणे सोपे आहे. त्याच घरातल्या आजीबाईंनी मला चहा देता देता ऐकवले, "बिल आलं तर आमचं पोरगं तुमच्या पुण्यात वॉचमन हुईल, बरं का!" उसाला दर ठरलेला असतो आणि घ्यायला कारखाना असतो, ज्वारीला, कडधान्याला बाजारात तेवढी खात्री कुठली? ती नसताना नुसते बिल धाडणे म्हणजे बुडत्याच्या हातची काठी काढून घेणे.

काठी काढू नये. तिची दिशा बदलावी. पंजाबात २०१८ साली 'पाणी बचाओ, पैसा कमाओ' अशी योजना निघाली. शेतकऱ्याला विजेचा ठरावीक कोटा. त्यातले जे युनिट वाचेल त्याचे ४ रुपये त्याच्या हातात. मदत तेवढीच, पण ती पंप चालू ठेवल्याबद्दल नव्हे, बंद ठेवल्याबद्दल! ठिबकला सरकार मदत देतेच. त्याच्या जोडीला दिवसाची वीज, जमिनीचा निचरा आणि कमी पाण्याच्या पिकांना खात्रीचा भाव मिळाला, तर आजोबांना 'ऑटो'ची गरज काय? डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलला जगातल्या राष्ट्रांनी निसर्गाला मारक अशी अनुदाने २०३० पर्यंत वर्षाला किमान ५०० अब्ज डॉलरनी कमी करण्याचे ठरवले. आकडा मोठा आहे. पण त्याचा शेवटचा पैसा अशाच एखाद्या मोटारीच्या बटणाशी येऊन थांबतो.

'अनुदान' शब्दातल्या 'अनु'चा अर्थ 'मागून' असा आहे. दानामागून काय येते, हे पाहण्याची जबाबदारी देणाऱ्याची, आणि तो पैसा करातून भरणाऱ्या तुमची-माझीही. त्या खालच्या तुकड्यात आता लव्हाळाही नीट उगवत नाही. वरच्या तुकड्यात ऊस अजून हिरवा आहे. तो आहे तोवर हा हिशेब मांडला, तर आजीबाईंचे पोरगे भवानीनगरलाच राहील.