रविवारी न आलेले

मोटारसायकलवाल्यांच्या ग्रुपवर शनिवारी रात्री जे पेटते ते रविवारी सकाळी चहाच्या टपरीवर विझते, अशी या छंदातल्या लोकांची पक्की श्रद्धा आहे. बुलेटवाला केटीएमवाल्याला 'प्लॅस्टिक' म्हणतो, केटीएमवाला बुलेटला 'ट्रॅक्टर' म्हणतो, कुणीतरी तणतणत ग्रुप लेफ्ट करतो. दुसऱ्या दिवशी दोघे एकाच थाळीतली कांदाभजी खाताना दिसतात. यावरून निष्कर्ष निघतो की मोबाइलवरचे भांडण म्हणजे नुसता धूर, भेट हीच खरी. यात तथ्य आहे, पण हिशेबात एक चूक आहे. टपरीवर जे हसताना दिसतात ते आलेले असतात. भांडणाचा परिणाम मोजायचा तर जे आले नाहीत त्यांच्याकडे पाहायला हवे, आणि न आलेला माणूस फोटोत नसतो.

आधी या श्रद्धेची खरी बाजू. गाडीवरून होणारी बरीच भांडणे ही भांडणे नसतातच, ती ओळखपत्रे असतात. अल्बर्ट म्युनिझ आणि थॉमस ओ'ग्विन या अमेरिकी संशोधकांनी 2001 मध्ये एकाच ब्रँडभोवती जमणाऱ्या लोकांवर गाजलेला निबंध लिहिला. समोरच्या ब्रँडची टिंगल करणे हा अशा समुदायाला बांधून ठेवणारा धागा असतो, असे त्यांना आढळले. टिंगल करणाऱ्याला प्रतिस्पर्धी नको नसतो. तो नसला तर मजा जाते. शिवाय लिखित शब्दाला सूर नसतो. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये केलेल्या प्रयोगात, आपल्या ईमेलमधला उपरोध वाचणाऱ्याला 78 टक्के वेळा कळेल असा लिहिणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो 56 टक्के वेळा कळला. नाणे उडवून ठरवले असते तरी फारसा फरक पडला नसता. तेव्हा निम्मी भांडणे सुराअभावी होत असतील आणि समोरासमोर आल्यावर सूर ऐकू येत असेल, तर समेट होणे साहजिकच आहे. आपल्याकडे भूगोलही मदतीला येतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे कुणाच्याही टाकीवर कोणतेही नाव असो, मुंबईहून लोणावळ्याला जायचे तर जुना हमरस्ता आणि बोरघाटच धरावा लागतो. चहाच्या टपऱ्याही मग त्याच.

पण भेट समेट घडवते, हे एवढ्यावर थांबत नाही. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये मांडले होते की दोन गटांची भेट पूर्वग्रह कमी करते, मात्र दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवे, सहकार्य हवे आणि वरून पाठिंबा हवा. पुढे थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी 2006 मध्ये पाचशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले आणि भेटीचा उपयोग बहुतेक ठिकाणी दिसला. त्यातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्या अभ्यासांत लोकांना भेट टाळण्याची मुभा नव्हती तिथेही हा परिणाम टिकला. म्हणजे औषध चांगले आहे. ते घ्यायला भाग कुणी पाडायचे, एवढाच प्रश्न आहे.

एके काळी हे काम गाडीच करत असे. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणून किक मारायची, नाहीतर ती पोटरीवर उलटायची. पॉइंट कधी घासायचे, टॅपेट किती ठेवायचे हे पुस्तकात वाचून जमत नसे. जावा-येझदीचा तर गिअर आणि किक एकाच दांड्यावर. नवख्याला ती चालू कशी करायची हेच कुणीतरी दाखवावे लागे. यामाहा आरएक्स 100 च्या टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइल किती लागते यावर दोन मेकॅनिकांचे एकमत होत नसे, म्हणून तिसऱ्याकडे जावे लागे. अशा गाडीच्या मालकाला दुसरा मालक लागायचाच. त्याच्याशी पटो न पटो, क्लच केबल त्याच्याकडे होती. भांडण झाले तरी पुढच्या महिन्यात त्याच्या दारात उभे राहणे चुकत नसे, आणि दारात उभे राहिल्यावर भांडण टिकवणे अवघड असते.

आज ती गरज संपली आहे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे उत्सर्जन मानक लागू झाले आणि कार्ब्युरेटर नव्या गाड्यांतून जवळजवळ हद्दपार झाला. इंधन इंजेक्शनच्या गाडीला रस्त्याकडेला बसून ट्यून करण्यासारखे फारसे काही उरले नाही. बंद पडली तर कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन जातो. रस्ता नकाशात दिसतो, टायरची माहिती व्हिडिओत मिळते, जॅकेट घरपोच येते. आता माणसे भेटतात ती निव्वळ हौसेखातर. हौस ही सुंदर गोष्ट आहे, पण ती टाळायला कारण फार छोटे पुरते. पहाटे साडेचारला गजर वाजतो तेव्हा माणूस अंथरुणात पडल्या पडल्या काल रात्री आपल्या गाडीबद्दल कोण काय बोलले ते आठवतो आणि कूस बदलतो. माझे म्हणणे एवढेच आहे: मोबाइलवरची भांडणे पूर्वीपेक्षा विखारी झाली असतील वा नसतील, ती आज जास्त महाग पडतात, कारण त्यांच्यावरून उडी मारायला लावणारी गरज उरलेली नाही.

याचा पडताळा जावा-येझदीवाल्यांत मिळतो. म्हैसूरचा कारखाना 1961 मध्ये सुरू झाला आणि 1996 मध्ये बंद पडला. तेव्हापासून सुटे भाग हीच या मंडळींची चिंता आहे. त्यांच्यात वाद कमी नाहीत: मूळ रंग ठेवायचा की नवा द्यायचा, क्रोम किती असावे, 2018 मध्ये पुन्हा आलेली जावा ही जावा म्हणायची की नाही. हे वाद कडवटपणात कुठल्याही बुलेट-केटीएम वादाला हार जाणार नाहीत. तरी जुलैच्या दुसऱ्या रविवारी येणारा जावा-येझदी दिवस चुकत नाही, कारण ज्याच्याशी रंगावरून वाद झाला त्याच्याच गोदामात 1974 चा एखादा साइड पॅनेल पडलेला असतो. उलट, शोरूममध्ये सगळे मिळणाऱ्या गाडीच्या मालकांना एकमेकांची अशी अडचण नसते, आणि अडचण नसली की माणुसकी ऐच्छिक होते.

यावर एक आक्षेप हमखास येतो: इंटरनेट नव्हते तेव्हा मोटारसायकलवाले काय गळ्यात गळे घालत होते? 1964 मध्ये इंग्लंडच्या क्लॅक्टन, मार्गेट, ब्रायटन या किनाऱ्यांवर स्कूटरवाले मॉड आणि मोटारसायकलवाले रॉकर यांच्या हाणामाऱ्या झाल्या होत्याच. झाल्या होत्या, पण स्टॅन्ली कोहेन यांनी 1972 च्या पुस्तकात दाखवले की वर्तमानपत्रांनी त्या फुगवल्या आणि त्या फुगवण्यातूनच दोन्ही बाजूंना आपण शत्रू असल्याची ओळख घट्ट होत गेली. म्हणजे इथेही दुरून रंगवलेले चित्र आधी आणि वैर मागून, असाच प्रकार होता. फरक इतकाच की आज ते वर्तमानपत्र आपणच छापतो, आणि स्क्रीनशॉट काढून जपूनही ठेवतो. तोंडी शिवी हवेत विरायची. ही शिवी दोन वर्षांनी, तारीख-वेळेसकट, पुन्हा समोर येते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. काही भांडणे व्हायलाच हवीत. ताम्हिणीच्या वळणावर पांढरी रेघ ओलांडून ओव्हरटेक करणारा, मागचा पंक्चर होऊन थांबला तरी मागे वळून न पाहणारा, हेल्मेट हँडलला अडकवून फिरणारा, असा माणूस ग्रुपमध्ये असेल तर त्याला ऐकवलेच पाहिजे, आणि त्यामुळे तो यायचा थांबला तर बरेच झाले. मान्य. गाडीवरचे भांडण आणि गाडी चालवण्यावरचे भांडण यांत मी म्हणूनच फरक करतो. पहिले टपरीवर विझते, दुसरे विझू नये. पण ते रविवारी रात्री घरी पोचल्यावर, व्हिडिओ टाकून, दोनशे जणांसमोर सुरू झाले की चुकणारा बचावाला उभा राहतो, त्याचे मित्र त्याच्या बाजूने येतात, आणि प्रश्न वळणाचा न राहता इज्जतीचा होतो. तीच गोष्ट पुढच्या थांब्यावर लीड करणाऱ्याने बाजूला घेऊन सांगितली असती तर ऐकली गेली असती. ऑलपोर्ट यांच्या चौथ्या अटीतला वरचा पाठिंबा इथे पुढचा लीड आणि शेवटचा स्वीप या दोघांच्याच हातात असतो. ॲडमिनकडे फक्त 'रिमूव्ह' असते.

मोठ्या मेळाव्यांचे उदाहरण देऊन कुणी म्हणेल की माणसे भेटतात तर आहेत. गोव्यात वागातोरला रायडर मेनिया (2023 पासून मोटोव्हर्स) भरते, 2013 पासून इंडिया बाइक वीक सुरू आहे. खरे आहे, पण गर्दीत नको असलेला माणूस सहज टाळता येतो; संगीत आहे, स्टॉल आहेत, समुद्र आहे. आठ गाड्यांच्या रविवारच्या राइडला ही सोय नसते. तिथे एकाचे न येणे म्हणजे आठवा भाग गेला.

आणि सर्वांत आधी कोण गळतो? भांडणारे नव्हेत, त्यांना तर हजर राहायचेच असते. गळतो तो नुसता वाचणारा. 1994 पासून रस्त्यावर असलेली स्प्लेंडर चालवणारा, ज्याने ग्रुपमध्ये '150 सीसीच्या खाली राइड नसते, डिलिव्हरी असते' असे वाचले. ऑलपोर्ट यांची समान दर्जाची अट त्याच्यापुरती गाडी स्टँडवरून काढण्याआधीच मोडलेली असते. तशीच गळते पहिल्याच प्रश्नाला 'मॅडम, उचलता येते का?' असे उत्तर मिळालेली बाई. 2011 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या 'द बायकरनी'सारख्या महिलांच्या संघटनांचे मोल मला इथे दिसते: तिथे वजन उचलण्याचा प्रश्न कुणी विचारत नाही. पण स्प्लेंडरवाल्याने कुठे जावे? त्याचे कुणाशी भांडण झालेले नाही, त्यामुळे समेट व्हायचाही प्रश्न नाही. राइडमध्ये स्वीपचे काम शेवटी राहून गाड्या मोजण्याचे. निघाले तितके पोचले की त्याचा हिशेब जुळतो. स्प्लेंडरवाला त्या हिशेबात कधी आलेलाच नसतो.