प्रश्नपत्रिकांचा सराव आणि उताऱ्याचे आकलन: पोलंडमधील इंग्रजी वाचनाविषयीचे काही गैरसमज

पोलंडमधील विद्यार्थ्याला इयत्ता आठवीच्या अखेरीस, म्हणजे वयाच्या चौदा-पंधराव्या वर्षी, एक देशव्यापी परीक्षा द्यावी लागते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या या परीक्षेत पोलिश आणि गणित यांच्या जोडीला एक परकीय भाषा अनिवार्य असते आणि बहुसंख्य मुले त्यासाठी इंग्रजीच निवडतात. पुढे माध्यमिक शिक्षणाच्या शेवटी ‘मातुरा’ ही शालान्त परीक्षा येते, तिच्यातही परकीय भाषेचा पेपर टळत नाही. दोन्ही परीक्षांच्या प्रश्नपत्रिका केंद्रीय परीक्षा आयोग तयार करतो आणि परीक्षा झाल्यावर त्या सर्वांसाठी खुल्या करतो. ही पारदर्शकता स्वागतार्ह असली तरी तिच्या आधाराने एक समजूत फार खोलवर रुजली आहे: जुने पेपर, म्हणजे पोलिश मुलांच्या तोंडी असलेले ‘आर्कुशे’, जितके अधिक सोडवावेत तितके इंग्रजी वाचनाचे आकलन वाढत जाते. पालक ती बाळगतात, खासगी शिकवणीचे शिक्षक तिच्यावर वेळापत्रक आखतात, ‘रेपेतितोरियुम’ या नावाने विकली जाणारी उजळणीची जाडजूड पुस्तके तिच्यावरच उभी असतात आणि परीक्षेआधीचे कित्येक महिने वर्गात उतारा, प्रश्न, उत्तरसूची, पुन्हा नवा उतारा एवढाच क्रम चालू राहतो. या समजुतीमुळे मुलांचा जो वेळ वाया जातो तो परत मिळत नाही, आणि म्हणूनच तिची चिकित्सा करणे आवश्यक ठरते.

उताऱ्याखालचे प्रश्न हे मोजमापाचे साधन आहे. विद्यार्थ्याला काय समजले हे ते दाखवतात, पण जे समजले नाही ते कसे समजावे हे शिकवत नाहीत. तापमापक वारंवार लावल्याने ताप उतरत नाही, ही गोष्ट कोणालाही पटते, परंतु वाचनाच्या बाबतीत नेमका हाच भेद विसरला जातो. हा दोष केवळ पोलंडचा नाही. डोलोरेस डर्किन या अभ्यासिकेने १९७८-७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणात अमेरिकेतील चौथीच्या वर्गांमध्ये वाचनाच्या तासिकांचा एक टक्काही वेळ आकलन प्रत्यक्ष शिकवण्यात जात नसल्याचे आढळले; शिक्षक प्रश्न विचारत होते, उत्तरे तपासत होते आणि त्यालाच अध्यापन समजत होते. ती मुले स्वतःच्या मातृभाषेत वाचत होती. परक्या भाषेत वाचणाऱ्या मुलाची अडचण याहून मोठी असते, कारण त्याच्यापाशी चुकीच्या उत्तरामागचे कारण शोधण्याइतकीही भाषा अनेकदा नसते.

या सरावाबरोबर एक युक्तीही हमखास शिकवली जाते: आधी प्रश्न वाचावा, त्यातील महत्त्वाचा शब्द अधोरेखित करावा, उताऱ्यात तोच शब्द शोधावा आणि त्याच्या आसपासच्या ओळीवरून पर्याय निवडावा. ही युक्ती केवळ अपुरी नाही, ती घातकही आहे, कारण बहुपर्यायी प्रश्न रचणारे जाणकार चुकीच्या पर्यायांत उताऱ्यातील शब्द हेतुपुरस्सर पेरतात आणि योग्य पर्याय मात्र निराळ्या शब्दांत मांडतात. समजा, उताऱ्यातील मुलाला आगगाडीने जायचे होते, पण तिकिटे संपल्यामुळे त्याच्या मामाने त्याला मोटारीने पोहोचवले. ‘तो आगगाडीने गेला’ या पर्यायात उताऱ्यातील शब्द जसाच्या तसा असेल, आणि ‘एका नातेवाइकाने त्याची सोय केली’ या बरोबर पर्यायात मात्र उताऱ्यातला एकही शब्द नसेल. शब्द जुळवणारा विद्यार्थी येथे नेमका फसतो. तो फसला की आणखी पेपर सोडवण्याचा सल्ला त्याला दिला जातो, ही त्याहून खेदाची बाब होय. शिवाय तीन पर्यायांच्या प्रश्नात डोळे मिटून खूण केली तरी सरासरी तेहतीस टक्के आणि चार पर्यायांच्या प्रश्नात पंचवीस टक्के उत्तरे बरोबर येतात, तर मातुरात अनिवार्य विषयाच्या उत्तीर्णतेची मर्यादा तीस टक्के आहे; पेपरात लेखन आणि पर्यायांविनाचे प्रश्नही असल्यामुळे केवळ नशिबावर उत्तीर्ण होणे सोपे नसले, तरी बहुपर्यायी भागातील थोडीफार गुणवृद्धी हा आकलन वाढल्याचा पुरावा मानता येत नाही.

आकलन प्रत्यक्षात ज्या गोष्टींवर उभे असते, त्यांत पहिली शब्दसंपदा होय. ह्सुएह-चाओ हू आणि पॉल नेशन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका कथेतील काही शब्दांच्या जागी निरर्थक शब्द घातले आणि वाचकांना किती समजते ते तपासले. शंभरांपैकी ऐंशी शब्द ओळखीचे असताना एकालाही कथा पुरेशी समजली नाही, पंचाण्णव शब्द ओळखीचे असतानाही फक्त काहींनाच समजली आणि कोणाच्या मदतीविना बहुतेकांना समजावी यासाठी सुमारे अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असावे लागतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ही टक्केवारी तीनशे शब्दांच्या उताऱ्याला लावली तर तिचा अर्थ स्पष्ट होतो: पंचाण्णव टक्क्यांना पंधरा अनोळखी शब्द उरतात, अठ्ठ्याण्णव टक्क्यांना केवळ सहा. उरलेले नऊ शब्द प्रश्न सोडवून कळत नाहीत. ते निरनिराळ्या संदर्भांत पुन्हा पुन्हा भेटल्यानेच ओळखीचे होतात, आणि अशा भेटी चार-पाच छोट्या उताऱ्यांच्या पेपरात घडत नाहीत, त्यासाठी पानेच्या पाने वाचावी लागतात.

दुसरी गोष्ट वाक्यरचना. पोलिश भाषेत नामाला सात विभक्ती आहेत, त्यामुळे कर्ता कोण आणि कर्म कोण हे शब्दाच्या शेवटावरून कळते आणि वाक्यातील क्रम बराच मोकळा राहतो. मराठी वाचकाला हे चटकन उमगेल, कारण ‘कुत्रा मुलाला चावला’ आणि ‘मुलाला कुत्रा चावला’ यांत चावणारा बदलत नाही. इंग्रजीत मात्र जागा बदलली की चावणारा बदलतो. पोलिश क्रियापद भूतकाळात लिंगही दाखवते, जसे मराठीत ‘गेला’ आणि ‘गेली’, तर इंग्रजी क्रियापद काहीच दाखवत नाही. पोलिशमध्ये टेबल पुल्लिंगी आणि पुस्तक स्त्रीलिंगी असल्यामुळे सर्वनाम कोणत्या वस्तूकडे निर्देश करते हे लिंगावरून ठरते, आणि इंग्रजीतील ‘इट’ हे एकच सर्वनाम सर्व निर्जीव वस्तूंना सामावून घेते, तेव्हा पोलिश वाचकाचा हा आधारच नाहीसा होतो. त्यात पोलिशमध्ये ‘अ’ आणि ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत. इंग्रजी कथेत ‘अ’ लावून आलेला माणूस नवा असतो आणि ‘द’ लावून आलेला आधी उल्लेखलेला असतो, एवढी साधी खूण डोळ्यांतून निसटली तर वाचक एकाच पात्राला दोन समजतो. या अडचणी पोलिश मुलांच्या स्वतःच्या आहेत, त्या नेमक्या कोठे येतात हे शिक्षकाला आधीच माहीत असू शकते, आणि एका उताऱ्यातील दहा सर्वनामे कोणाकडे निर्देश करतात हे मुलांकडून शोधून घेण्यात घालवलेली वीस मिनिटे दोन नव्या पेपरांपेक्षा अधिक फळ देतात, असे येथे ठामपणे म्हणणे भाग आहे.

तिसरी गोष्ट विषयाचे पूर्वज्ञान. डोना रेख्ट आणि लॉरेन लेस्ली यांच्या १९८८ सालच्या अभ्यासात शाळकरी मुलांना बेसबॉलच्या खेळातील एका भागाचे वर्णन वाचायला दिले होते. वाचनात कच्ची समजली जाणारी, पण बेसबॉल जाणणारी मुले खेळ न जाणणाऱ्या उत्तम वाचकांच्या पुढे गेली. क्रिकेटच्या सामन्याचे इंग्रजी वृत्त महाराष्ट्रातील मुलाला ज्या सहजतेने समजते त्या सहजतेने ते क्राकुफच्या मुलाला समजणार नाही, मग त्याचे इंग्रजी कितीही चांगले असो. म्हणून इतिहास, भूगोल, विज्ञान यांविषयीचे इंग्रजी वाचन ही वाचनाच्या सरावाबाहेरची चैन नव्हे. तो त्या सरावाचा गाभा आहे.

मग जुन्या पेपरांना काहीच स्थान नाही काय? आहे, पण ते मर्यादित आहे. प्रश्नांचे प्रकार, सूचनांची भाषा आणि वेळेची विभागणी यांची ओळख काही थोड्या पेपरांत होऊन जाते. वाचनतंत्रांच्या, म्हणजे सारांश काढणे किंवा स्वतःला प्रश्न विचारणे अशा क्लृप्त्यांच्या, बाबतीतही मानसशास्त्रज्ञ डॅनियल विलिंगहॅम यांनी उपलब्ध संशोधन तपासून हेच दाखवले आहे की त्यांचा फायदा थोड्या शिकवणीत मिळतो आणि तीच शिकवणी लांबवल्याने तो वाढत नाही. पेपर सोडवून झाल्यावर प्रत्येक चुकीच्या उत्तराचे कारण शोधले, म्हणजे शब्द माहीत नव्हता, वाक्य उलगडले नाही, सर्वनामाचा रोख चुकला की विषयच अपरिचित होता हे ठरवले, तर तोच पेपर अध्यापनाचे साधन होऊ शकतो. मात्र मग एका पेपरावर पूर्ण आठवडा खर्च होईल आणि पेपरांची संख्या अर्थातच घटेल.

या मुख्य समजुतीच्या आश्रयाने काही लहान गैरसमजही टिकून आहेत. अनोळखी शब्दाचा अर्थ संदर्भावरून नेहमी ओळखता येतो, हा त्यांपैकी एक. संदर्भ तेव्हाच उपयोगी पडतो जेव्हा संदर्भातील शब्द स्वतः ओळखीचे असतात. शब्दकोश वापरणे किंवा पोलिश अर्थ समासात लिहिणे ही पळवाट आहे असे अनेक शिक्षक मानतात, परंतु वाचन न थांबवता मिळणारा मातृभाषेतील अर्थ वाचकाला पुढे नेतो. टाळायचे ते प्रत्येक ओळीचे संपूर्ण भाषांतर. लॅटिनमधून दोन्ही भाषांत आलेले समान शब्द वाचन सोपे करतात हे बऱ्याच अंशी खरे आहे, पण पोलिश ‘अक्तुआल्निये’ म्हणजे ‘सध्या’ आणि इंग्रजी ‘अ‍ॅक्चुअली’ म्हणजे ‘खरे तर’, किंवा पोलिश ‘फाब्रिका’ म्हणजे कारखाना आणि इंग्रजी ‘फॅब्रिक’ म्हणजे कापड, अशा जोड्यांची एक छोटी यादी पाठ असलेली बरी.

पोलिशमध्ये उत्तम वाचणारा विद्यार्थी इंग्रजीतही आपोआप उत्तम वाचतो, हे मात्र खरे नाही. २०१८ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत पोलंडच्या पंधरा वर्षांच्या मुलांनी वाचनात ५१२ गुण मिळवले, तेव्हा सहभागी विकसित देशांची सरासरी ४८७ होती; परंतु ती चाचणी त्यांनी पोलिशमध्ये दिली होती. चार्ल्स अल्डरसन यांनी १९८४ मध्येच परक्या भाषेतील वाचनाची अडचण वाचनाची की भाषेची हा प्रश्न विचारला होता, आणि त्यांचा कौल, विशेषतः भाषा अजून कच्ची असलेल्या वाचकांच्या बाबतीत, भाषेच्या बाजूने पडला: परक्या भाषेची एक किमान पातळी गाठेपर्यंत मातृभाषेतील कौशल्य तिच्यात उतरत नाही.

चित्रपट, मालिका आणि संगणकावरील खेळ यांतून इंग्रजी येतेच, त्यामुळे वेगळ्या वाचनाची गरज नाही, असेही ऐकू येते. पोलंडच्या दूरचित्रवाणीवर परदेशी चित्रपटांतील सर्व पात्रांचे संवाद ‘लेक्तोर’ नावाचा एकच निवेदक पोलिशमध्ये वाचतो आणि मूळ आवाज त्याच्याखाली दबून राहतो, त्यामुळे निदान त्या पडद्यावरून फारसे इंग्रजी कानी पडत नाही. मूळ इंग्रजीत ऐकणाऱ्यांपुढेही मर्यादा आहेच: नेशन यांच्या २००६ च्या गणनेनुसार बोली इंग्रजीसाठी सहा ते सात हजार शब्दकुले पुरतात, तर कादंबरी किंवा वृत्तपत्र यांसाठी आठ ते नऊ हजार लागतात. शब्दकुल म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची सर्व साधित रूपे.

सोपी पुस्तके वाचणे म्हणजे वेळ दवडणे, ही समजूत सर्वांत अन्यायकारक आहे, कारण ती मुलांच्या हातातील पुस्तक काढून घेते. वॉर्विक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई यांनी फिजीच्या ग्रामीण शाळांत नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांना इंग्रजी गोष्टींची चित्रमय पुस्तके मोठ्या संख्येने उपलब्ध करून दिली; १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार आठ महिन्यांत या मुलांची वाचनातील आणि ऐकण्यातील प्रगती नेहमीच्या सुमारे दुप्पट वेगाने झाली. या पुस्तकांखाली प्रश्न नव्हते. पोलंडमध्ये इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी शब्दसंख्येनुसार पातळ्या पाडलेली कथापुस्तके सहज मिळतात. आठवीच्या परीक्षेचा अभ्यासक्रम लेखनापेक्षा आकलनाची पातळी वरची, म्हणजे युरोपीय भाषा-मापनपट्टीवर ‘बी १’, धरतो, तेव्हा त्या पातळीची आणि तिच्या एक पायरी खालची पुस्तके मुलांच्या दप्तरात असणे हे परीक्षेच्या दृष्टीनेही अधिक शहाणपणाचे आहे.

वाचनाचा वेग वाढवण्याची शिबिरेही याच पंक्तीत बसतात. कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये या विषयावरील संशोधनाचा विस्तृत आढावा घेऊन दाखवले की वेग फार वाढवला की आकलन घटते, आणि वेग खऱ्या अर्थाने वाढतो तो भाषेची जाण वाढल्यावर. मातुराच्या मूलभूत स्तरावरील पेपराला १२० मिनिटे मिळतात आणि त्यातील उतारे लहान असतात. तेथे अडखळणारा विद्यार्थी डोळे संथ फिरत असल्यामुळे अडखळत नाही, तो अनोळखी शब्दांपाशी आणि न उलगडलेल्या वाक्यांपाशी थांबलेला असतो.