ऑइल किती हजारांना बदलायचं?

गॅरेजात आलेला माणूस हा प्रश्न विचारल्याशिवाय परत जात नाही, आणि त्याला उत्तर एका आकड्यात हवं असतं. पाच हजार म्हणा, दहा हजार म्हणा, पण एकच काय ते सांगा.

माझं गॅरेज कऱ्हाडला, पुणे-बंगळूर हायवेच्या अंगाला आहे. आयटीआयला मोटार मेकॅनिकचा ट्रेड केला तेव्हा शिकायला प्रीमियर पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसॅडरची इंजिनं होती. आता रॅम्पवर सीएनजी चढते, टर्बो पेट्रोल चढते, बीएस-६ डिझेल चढते. गाड्या बदलल्या, प्रश्न बदलला नाही.

मी आधी गाडीचं पुस्तक मागतो. डॅशबोर्डच्या खणातलं ते पुस्तक बहुतेकांनी प्लास्टिकच्या पिशवीतूनसुद्धा काढलेलं नसतं. आजच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांच्या पुस्तकात दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतलं जे आधी होईल ते, असं छापलेलं असतं. लोक तिथंच पुस्तक मिटतात. आणखी दोन-चार पानं उलटली की दुसरा तक्ता सापडतो, खडतर वापराचा. त्यात ऑइलचं अंतर कमी केलेलं असतं, पुष्कळदा थेट निम्मं. खडतर म्हटलं की लोकांना लडाख आठवतो. तक्त्यात मात्र लिहिलेलं असतं ते असं: सारखे जवळचे फेरे, धुळीचे रस्ते, गर्दीत इंजिन चालू ठेवून उभं राहणं, घाट, ओझं. आता सांगा, आपल्याकडच्या किती गाड्या यातून सुटतील?

यातली गोम शेतकऱ्याला पटकन कळते, मोटारवाल्याला उशिरा. ट्रॅक्टरला तासांचा मीटर असतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या कारखान्याच्या गव्हाणीपुढे रांगेत उभ्या असतात, चाक पुढं सरकत नाही, पण इंजिन चालू असेल तर तास पडत राहतात. ट्रॅक्टरवाला ऑइल तासांवर बदलतो. पुष्कळ ट्रॅक्टरांना ते अडीचशे तासांना असतं, काही नव्या मॉडेलांना त्याहून जास्त. जेसीबीचं तसंच, जनरेटरचंही तसंच. मोटारीला मात्र आपण किलोमीटरवर तोलतो, कारण समोर आकडा तोच दिसतो.

जरा गणित मांडू. हायवेवर सरासरी ताशी साठ पडत असेल, तर दहा हजार किलोमीटरला इंजिन चालतं साधारण १६७ तास. पुण्यात हडपसरहून हिंजवडीला रोज जाणाऱ्याची सरासरी ताशी पंधरा धरा. तेच दहा हजार व्हायला त्याच्या इंजिनाला ६६७ तास लागतात. मीटरवर आकडा सारखा, आणि ऑइलनं काम केलं चौपट वेळ. ट्रॅक्टरचं ऑइल वेगळं, त्याच्यावरचा भार वेगळा, म्हणून त्याचे तास मोटारीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण विचार त्याच रीतीनं करावा, असं माझं ठाम मत आहे. काही गाड्यांचा कॉम्प्युटर तो करतोही. इंजिनाचे फेरे आणि तापमान यांचा हिशेब ठेवून ऑइलचं किती आयुष्य उरलं ते पडद्यावर दाखवतो. ज्यांच्या गाडीत ती सोय आहे त्यांनी त्या आकड्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. ऑइल बदलल्यावर तो हिशेब नव्यानं सुरू करायची मात्र मिस्त्रीला आठवण करून द्या.

पण ऑइल खराब होतं म्हणजे नेमकं काय होतं? मूळ तेल तसं लवकर मरत नाही. आधी संपतात ती त्यात मिसळलेली औषधं. एक औषध काजळी धरून ठेवतं, तिचे गोळे होऊ देत नाही. एक आम्ल मारतं. एक कॅम आणि टॅपेटसारख्या घासणाऱ्या भागांवर पातळ थर धरतं. एक औषध ऑइल तापल्यावर पाण्यासारखं पातळ होऊ देत नाही. ही रोज थोडी थोडी खर्ची पडतात. तापलेलं ऑइल हवेतला प्राणवायू घेऊन दाट होत जातं, ते वेगळंच.

आणि पाणी. हे ऐकून गिऱ्हाईक हमखास चमकतं: एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांशेजारून खाली चेंबरमध्ये उतरते. तिच्याबरोबर न जळलेलं पेट्रोलही उतरतं. इंजिन नीट तापलं तर दोन्ही उडून जातात. गार इंजिनात ती ऑइलमध्येच मुरतात. काट्यावर पाणी तापलेलं दिसलं म्हणजे ऑइल तापलं असं नाही. त्याला आणखी बराच वेळ लागतो.

माझ्याकडे एका डॉक्टरीणबाईंची गाडी येते. घर ते दवाखाना दोन किलोमीटर, दिवसातून चार फेरे. गाडी दिसायला कोरी, मीटरवर किलोमीटर थोडे. पावसाळ्यात तिचं ऑइलचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला पिवळट पांढरा, सायीसारखा थर. बाईंना वाटलं हेड गॅस्केट गेलं आणि कूलंट ऑइलमध्ये आलं. गॅस्केट गेल्यावरही असंच दिसतं, म्हणून कूलंटची पातळी तपासली. ती जागच्या जागी होती. साचलेली वाफ होती, दुसरं काही नाही. त्यांना मी म्हटलं, “वहिनी, तुमच्या गाडीला किलोमीटर विचारूच नका. सहा महिन्यांनी ऑइल बदलायचं, आणि रविवारी गाडी साताऱ्यापर्यंत पळवून आणायची.” याउलट औषध कंपनीचे एक प्रतिनिधी आहेत, कोल्हापूर-पुणे सतत हायवेला. ते दर पाच हजारांना ऑइल बदला म्हणून हट्ट धरायचे. त्यांचं ऑइल दहा हजारांपर्यंत खुशाल चालतं. मी त्यांना दोनदा परत पाठवलं, तर म्हणाले, मिस्त्री, धंदा नको का तुम्हाला?

पाच हजारांची सवय उगाच पडलेली नव्हती. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत चोक ओढला की जास्तीचं पेट्रोल चेंबरमध्ये उतरायचं. ऑइल साधं खनिज तेलाचं, २०डब्ल्यू-४०. इंधनात गंधक भरपूर, आणि गंधक जळलं की आम्ल होतं. बीएस-३ च्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत ३५० भाग गंधक चालायचं. बीएस-४ ला ते ५० वर आलं आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं तेव्हा १० वर. आम्ल मारायचं कामच इतकं घटलं. वरून इंजेक्शन आलं, सिंथेटिक ऑइल आलं. अमेरिकेतही तीन हजार मैलांची, म्हणजे ४,८०० किलोमीटरची, अशीच सवय होती. ती मोडायला कॅलिफोर्निया राज्याच्या कचरा व्यवस्थापन खात्याला मोहीम काढावी लागली. गाडीचं पुस्तक बघा, चांगलं ऑइल ओतून देऊ नका, असं सांगणारी.

रंगावरून ऑइल ओळखणारे फार. सीएनजीवाला दांडी पुसून दाखवतो, “मिस्त्री, अजून सोनेरी आहे, कशाला बदलायचं?” गॅस जळताना काजळी जवळजवळ होत नाही, म्हणून ते सोनेरी राहतं. पण सीएनजीचं इंजिन आत जास्त तापतं, आणि त्या उष्णतेनं ऑइल न काळवंडताही दाट होतं. डिझेलवाल्याची तऱ्हा उलटी. नवं ऑइल घालून गाडी मलकापूरला जाऊन आली तरी दांडी काळी, की लगेच संशय, मिस्त्रीनं जुनंच भरलं. अहो, काजळी अंगावर घेणं हे त्या ऑइलचं कामच आहे. रंगाला महत्त्व देऊ नका, पातळीला द्या.

पातळी सपाट जागेवर बघावी, इंजिन बंद करून पाचेक मिनिटांनी. कमी दिसली तर लोक घाबरतात. वाढलेली दिसली तर खूश होतात, तिथंच फसतात. बीएस-६ च्या पुष्कळ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळीची जाळी असते, डीपीएफ. ती भरली की गाडी आपणहून जादा डिझेल सोडून ती जाळून साफ करते. त्यासाठी तिला थोडी लांब, सलग पळ लागते. शहरात मध्येच इंजिन बंद केलं की ते काम अर्धवट राहतं, आणि जादा सोडलेल्या डिझेलपैकी काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरतं. मग दांडीवर ऑइल वाढत जातं. ते ऑइल नाही, डिझेल आहे, आणि पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला आधार देऊ शकत नाही. पातळी वरच्या खुणेच्या पुढं गेली तर किलोमीटर किती झाले ते न बघता बदला. अशा गाडीला कमी राखेचं, पुस्तकात सांगितलेल्याच प्रतीचं ऑइल लागतं, नाहीतर जाळी राखेनं बुजते आणि जाळीची किंमत ऐकून माणूस खालीच बसतो.

ग्रेडचंही तसंच. जाड ऑइल म्हणजे मजबूत, हा समज बापाकडून मुलाकडे आलेला आहे. ०डब्ल्यू-२० मधला डब्ल्यूच्या आधीचा आकडा गार असताना ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट राहतं ते. नव्या इंजिनांत फटी बारीक असतात, आणि व्हॉल्व्हची वेळ पुढंमागं करणारी यंत्रणा ऑइलच्याच दाबावर चालते. तिथं २०डब्ल्यू-५० ओतलं तर सकाळी सेल मारल्यावर ते हेडपर्यंत पोहोचायला वेळ लावतं, आणि तेवढा वेळ वरचं सगळं कोरडं फिरतं. टर्बोचा दांडा तर मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, आणि बहुतेक टर्बोंत तो ऑइलच्या थरावर तरंगत असतो. त्याच्याशी खेळू नये. कुंभार्ली घाट चढून आल्यावर टर्बो गाडी लगेच बंद करू नका, मिनिटभर तशीच चालू द्या.

तेलाच्या झारीचं लाल चित्र डॅशबोर्डवर पेटलं तर मात्र चर्चा नको. तो दिवा ऑइल जुनं झाल्याचा नाही, दाब गेल्याचा आहे. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, मग फोन करा. ‘मिस्त्री, फक्त चार किलोमीटर राहिलेत, येतो हळूहळू’ असं सांगत आलेल्या गाड्यांची इंजिनं मी उघडली आहेत. क्रँकवर बेअरिंगचा पत्रा चिकटलेला असतो.

ऑइलबरोबर फिल्टर दरवेळी बदला. फिल्टर बुजला तरी इंजिन उपाशी राहू नये म्हणून त्यात एक झडप असते, ती उघडते आणि न गाळलेलं ऑइल तसंच फिरू लागतं. ड्रेन नटचं वायसर नवं घाला, त्याला लागतात किरकोळ पैसे. इंजिन कोमट असताना ऑइल सोडलं की गाळ बरोबर निघतो. लहान पेट्रोल गाडीत साधारण तीन-साडेतीन लिटर बसतं, त्यामुळे हा खर्च काही हजारांतच संपतो, आणि बिल जपून ठेवलं तर वॉरंटीच्या वेळी उपयोगी पडतं. इंजिन धुण्याच्या औषधाचा आग्रह कुणी केला तर गरज काय ते विचारा. वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनाला मी ते घालत नाही. कॅन तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि रिकामा झाल्यावर त्याला भोक पाडा. चांगल्या नावाचे रिकामे कॅन बाजारात विकले जातात, ते कशाला ते वेगळं सांगायला नको.

राहिलं ते खाली काढलेलं काळं ऑइल. स्लॅब टाकणारे ते मागायला येतात, सेंट्रिंगच्या पाट्यांना लावायला. कुणी लाकडाच्या खांबांना फासतं. पूर्वी आम्हीही कॅन भरून द्यायचो, गावाकडची रीतच होती. पण त्यात घातक कार्बनी पदार्थ आणि झिजलेल्या धातूंचे कण असतात, कातडीला ते सारखं लागणं चांगलं नाही आणि विहिरीच्या पाण्यात उतरलं तर काढता येत नाही. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं आणि परवाना असलेल्या पुनर्प्रक्रियावाल्यालाच द्यावं लागतं. १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुन्हा वापरात आणायची जबाबदारी ऑइल विकणाऱ्या कंपन्यांवरही टप्प्याटप्प्यानं आली आहे. माझ्याकडं मागच्या शेडमध्ये त्याचं पिंप वेगळं ठेवलंय. भरलं की परवानाधारकाची गाडी येते, पावती देते आणि घेऊन जाते. सेंट्रिंगवाल्यांना मी दुकानातलं शटरिंग ऑइल घ्यायला सांगतो. त्यांतले निम्मे रागावून जातात.