रंगाखालची होडी

जावळी तालुक्याचे मुख्य गाव असलेले मेढा वेण्णा नदीच्या काठी वसले आहे. महाबळेश्वरी उगम पावलेली वेण्णा मेढ्यावरून पुढे कण्हेरच्या जलाशयात विसावते. पश्चिमेकडची डोंगररांग ओलांडली, की कोयनेचा शिवसागर दिसू लागतो. १९६०च्या दशकात कोयना धरण झाले, १०५ अब्ज घनफूट साठवणक्षमतेचा जलाशय तयार झाला आणि खोऱ्यातील गावांबरोबर जुन्या वाटाही पाण्याखाली गेल्या. तेव्हापासून बामणोली, तापोळा आणि पलीकडच्या काठावरच्या वस्त्यांना जोडणारे एक प्रमुख साधन म्हणजे होडी. इतर तालुक्यांत जे स्थान एसटीला, ते येथे लाँचला. वासोट्याला जाणारे गिर्यारोहकही बामणोलीहून होडीनेच निघतात आणि २०२४ मध्ये मुनावळे येथे जलपर्यटन केंद्र सुरू झाल्यापासून वेगवान होड्यांचे आकर्षण आणखी वाढले आहे.

जेथे होड्या आहेत, तेथे जुन्या झालेल्या होड्याही असतात. काठावर पालथ्या पडलेल्या, रंग उडालेल्या, पोटात पावसाचे पाणी साचलेल्या फायबरच्या होड्या कोकणात, गोव्यात आणि धरणांच्या काठी सर्वत्र आढळतात. अशी एखादी स्पीडबोट स्वस्तात विकत घ्यावी, अंगणातल्या शेडमध्ये आणावी आणि सुटीच्या दिवसांत स्वतःच्या हातांनी पुन्हा उभी करावी, हा छंद पाश्चात्त्य देशांत जुना आहे. आपल्याकडेही जुन्या मोटारसायकलींवर जीव लावणाऱ्यांना तो साद घालू शकतो. मात्र बंद पडलेली मोटारसायकल रस्त्याच्या कडेला उभी राहते आणि होडी बिघडते ती पाण्याच्या मध्यावर. या छंदाचे शास्त्र समजून घेणे त्यामुळेच अगत्याचे ठरते.

काच आणि राळ

ज्याला आपण सरसकट ‘फायबर’ म्हणतो, तो दोन पदार्थांचा संसार आहे. काचेचे केसासारखे बारीक तंतू ताण सोसतात आणि पॉलिएस्टर रेझिन म्हणजे कृत्रिम राळ त्यांना एकत्र बांधून आकार देते. अमेरिकेत १९४०च्या दशकाच्या आरंभी अशा पहिल्या लहान होड्या तयार झाल्या आणि महायुद्धानंतर या पद्धतीने लाकडी होड्यांची सद्दी मोडून काढली. साचा एकदा तयार केला, की त्यातून हव्या तितक्या होड्या काढता येतात आणि त्यांना ना वाळवी लागते, ना सांध्यांतून पाणी झिरपते.

साच्यात प्रथम जेलकोटचा रंगीत, गुळगुळीत थर दिला जातो. त्यावर सुट्या तंतूंची मॅट आणि जाड विणीचे रोव्हिंग यांचे थर रेझिनमध्ये भिजवून चढवतात. मॅटच्या थरात वजनाच्या सुमारे ३० टक्केच काच असते आणि बाकी सारे रेझिन. विणलेल्या रोव्हिंगमध्ये हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाते. बळ काचेचे असते आणि जादा रेझिनने होडी केवळ जड व ठिसूळ होते, हे हौशी कारागिराने पहिल्या दिवशीच ध्यानात ठेवावे.

टकटक आणि वजनकाटा

फायबर कुजत नाही, हे खरे. परंतु फायबरच्या होडीत लाकूड असते आणि ते कुजते. इंजिन जिच्यावर टांगतात ती मागची उभी भिंत, म्हणजे ट्रान्सम, बहुधा फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड घालून केलेली असते. तळाच्या आतील आडव्या-उभ्या पट्ट्या आणि पायाखालचा तक्ता यांतही लाकूड असते. बोल्टच्या भोकांतून वर्षानुवर्षे पाणी झिरपते आणि बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या ट्रान्समच्या आत चहाच्या चोथ्यासारखा भुगा उरतो.

तपासणीची पहिली पद्धत साधी आहे. लहान लाकडी हातोडीने किंवा नाण्याने सर्व अंगावर टकटक करावी. निरोगी भाग खणखणीत वाजतो. जेथे थर सुटले आहेत किंवा लाकूड कुजले आहे, तेथे आवाज बद्द येतो. संशय आल्यास आतल्या बाजूने बारीक भोक पाडून भुसा पाहावा. तो काळा व ओला निघाला, तर निदान झाले. पुढची कसोटी इंजिन लावण्याच्या जागी वरून भार देण्याची. ट्रान्सम किंचितही लवला, तर तो बदलल्याशिवाय गत्यंतर नाही.

दुसरी कसोटी वजनाची. अनेक होड्यांच्या तक्त्याखाली तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो. जुना फोम स्पंजासारखा पाणी पितो. एक घनफूट पाण्याचे वजन २८ किलोंहून थोडे अधिक असते. म्हणजे तीन घनफूट फोम पूर्ण भिजला, तर होडीत ८५ किलोंचा अदृश्य प्रवासी कायमचा बसलेला असतो. शिवाय जो फोम बुडताना तारणार, तोच आता बुडवण्यास हातभार लावतो.

तिसरी गोष्ट डोळ्यांनी दिसते. तळावर फोडांसारखे उंचवटे आले असतील, तर पाणी जेलकोटमधून आत शिरून रेझिनमधील विद्राव्य घटकांशी मिसळले आहे. यालाच ऑस्मोसिस म्हणतात. खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या आणि उबदार पाण्यात ही व्याधी अधिक बळावते. कोकणच्या खाडीतून घाटावर आणलेल्या होडीला जलाशयाचे पाणी मानवेल, असे गृहीत धरता येत नाही.

दुरुस्तीचा क्रम

मेढ्याच्या परिसरात जून ते सप्टेंबर हा धुवाधार पावसाचा काळ. ओले फायबर आणि ओले लाकूड यांवर रेझिन धरत नाही. म्हणून होडी उघडून वाळवणे आणि थर चढवणे ही कामे दिवाळीनंतर हाती घेऊन मेअखेर संपवणे शहाणपणाचे.

तडा किंवा भोक केवळ पुट्टीने बुजवणे ही सर्वांत मोठी चूक. पुट्टीला बळ नसते. तड्याच्या कडा ग्राइंडरने उतरत्या घासाव्या लागतात आणि हा उतार जाडीच्या सुमारे बारापट रुंद असावा. सहा मिलिमीटर जाडीच्या तळासाठी तो ७० मिलिमीटरच्या आसपास येतो. त्या पसरट उतारावर मॅट आणि रोव्हिंगचे थर एकामागून एक बसवले, म्हणजे नवे आणि जुने फायबर मोठ्या पृष्ठभागावर एकमेकांना धरून राहते. प्रत्येक थरातील हवेचे बुडबुडे रोलरने काढलेच पाहिजेत, कारण अडकलेला बुडबुडा हा उद्याच्या तड्याचा आरंभ असतो.

ट्रान्समसाठी भारतीय मानक ७१० चे मरीन प्लायवूड वापरावे. दुकानात ‘वॉटरप्रूफ’ म्हणून मिळणारे प्रत्येक प्लाय या प्रतीचे नसते. १८ मिलिमीटरचे दोन तक्ते चिकटवून जाडी साधतात आणि बोल्टचे प्रत्येक भोक आतून रेझिनने बंद करतात. चिकटवण्यासाठी इपॉक्सी अधिक भरवशाचे असते. ते वाळलेल्या पॉलिएस्टरवर उत्तम धरते. पण वाळलेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही, म्हणून कोणते कोणाच्या नंतर, हे आधीच ठरवावे लागते.

बाटल्यांची सावधगिरी

पॉलिएस्टर रेझिन घट्ट होण्यासाठी दोन द्रव्ये लागतात. एक, कोबाल्टयुक्त ॲक्सिलरेटर आणि दुसरे, पेरॉक्साइडचे द्रव्य, ज्याला बाजारात हार्डनर किंवा कॅटॅलिस्ट म्हणतात. ही दोन द्रव्ये थेट एकमेकांत कधीही मिसळू नयेत. त्यातून पेट किंवा स्फोट होऊ शकतो. आधी ॲक्सिलरेटर रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचा आणि मगच हार्डनर टाकायचा. हार्डनरचे प्रमाण साधारणतः एक ते दोन टक्के, म्हणजे किलोमागे १० ते २० ग्रॅम. उन्हाळ्याच्या दुपारी त्यातील कमी प्रमाणही पुरते. घाईने अधिक टाकल्यास डब्यातच रेझिन तापून धुमसू लागते.

हार्डनरचा थेंब डोळ्यांत गेल्यास कायमची इजा होऊ शकते. रेझिनमधील स्टायरिनची वाफ डोके भणाणून सोडते आणि पेटही घेते, तर ग्राइंडरने उडणारी काचेची धूळ कातडीत व श्वासात शिरते. चष्मा, हातमोजे, योग्य मुखपट्टी आणि उघड्यावरची जागा हा या छंदातील अनिवार्य खर्च आहे. घरातली बंद खोली, जवळ खेळणारी मुले आणि पेटती बिडी यांना येथे स्थान नाही.

बदल करावे किती?

होडी उभी राहिली, की मोह होतो तो बदलांचा. मोठे इंजिन लावावे, वर छत टाकावे, दोन बाके वाढवावीत असे वाटू लागते. येथेच हौशी माणसाची खरी परीक्षा असते.

साध्या होडीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. पाण्यावरील लांबी १६ फूट असेल, तर सुमारे १० किलोमीटर ताशी वेगाला ती स्वतःच्याच लाटेत अडकते. स्पीडबोटीचा तळ ही लाट ओलांडून पाण्यावर चढतो आणि घसरत जातो. त्यासाठी ताकद लागते, पण त्याहून अधिक लागतो तो हलकेपणा. भिजलेला फोम काढणे आणि अनावश्यक थर टाळणे हा वेग वाढवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. याउलट मोठ्या इंजिनाचे वजन मागे पडते, होडीची नाळ उचलली जाते आणि ट्रान्समवरून पाणी आत येण्याची भीती वाढते. त्याच ताकदीचे चार-स्ट्रोक इंजिनही जुन्या दोन-स्ट्रोकपेक्षा वीस-पंचवीस किलोंनी जड असू शकते. तरी ते स्वीकारणेच योग्य, कारण जुनी दोन-स्ट्रोक इंजिने इंधनाचा मोठा हिस्सा न जळताच पाण्यात सोडतात.

शिवसागर भरतो तेव्हा त्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६५९ मीटर असते. दर हजार फुटांना इंजिनाची ताकद साधारण तीन टक्क्यांनी घटते, म्हणजे येथे सहा टक्क्यांची तूट. गोडे पाणी हलके असल्याने होडीही किंचित अधिक बुडते. किनाऱ्यावर जोमाने धावणारी होडी येथे मंद वाटली, तर मोठे इंजिन घेण्याआधी कमी पिचचा पंखा लावून पाहावा. अनेकदा एवढ्यानेच काम होते.

छताने वजन उंचावर जाते आणि त्यावर वारा धरतो. आसने वाढवली, म्हणून क्षमता वाढत नाही. लहान होड्यांसाठी एक ढोबळ हिशेब प्रचलित आहे. लांबी व रुंदी फुटांत गुणून पंधराने भागावे. १६ फूट लांब आणि ६ फूट रुंद होडीत या हिशेबाने सहा माणसे बसतात आणि तीही शांत हवेत.

पाण्यावर उतरण्याआधी

भारतात १९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जहाजे अधिनियम, २०२१ लागू झाला आहे. यंत्रावर चालणाऱ्या होडीची तपासणी आणि नोंदणी हा त्याचा गाभा असून महाराष्ट्रात हे काम सागरी मंडळाकडे आहे. होडीचे बळ, स्थैर्य किंवा सुरक्षितता यांवर परिणाम करणारे बदल मनाला येईल तसे करता येत नाहीत. जलाशयासाठी जलसंपदा खात्याची आणि कोयना अभयारण्याच्या, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वन खात्याची परवानगी लागते.

कागदपत्रांचा हा काच कोणाला जाचक वाटेल. परंतु २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जणांचा अंत झाला. त्याच वर्षी १८ डिसेंबरला मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी घेणाऱ्या नौदलाच्या स्पीडबोटीवरील ताबा सुटला, ती ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि पंधरा जीव गेले. प्रशिक्षित माणसांच्या हातातील यंत्र दगा देऊ शकते, तर घरच्या शेडमध्ये जोडलेल्या यंत्राची पहिली चाचणी किती जपून घ्यावी, हे वेगळे सांगणे नको. ती काठाजवळ, प्रवाशांविना, लाइफ जॅकेट घालून आणि चालक पडताच इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधूनच व्हावी. उन्हाळ्यात पातळी उतरते, तेव्हा जुने बांध आणि झाडांचे बुंधे पाण्याच्या पृष्ठभागाखाली हातभर अंतरावर असतात, याचेही भान असावे.

जावळी तालुक्यातील कोयनाकाठच्या एका वस्तीवरील मुलींना स्वतः होडी वल्हवत शाळा गाठावी लागते, याची मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती. ज्या पाण्यावर कोणी हौसेने वेग घेतो, त्याच पाण्यावर अशा मुलींचीही वाट असते. रंगाचा शेवटचा हात एका दिवसात देता येतो आणि तोच सर्वांना दिसतो. पण त्या पाण्यावर होडीची खरी पत ठरते ती रंगाखालच्या कामावर, कोणाच्या नजरेस न पडणाऱ्या ट्रान्समवर आणि कोरड्या फोमवर.