व्यवस्थापित स्विच आणि स्थानिक जाळ्याचे विभाजन

कार्यालयातील सर्व संगणक साध्या स्विचला जोडले असता लेखा विभाग आणि अभ्यागत एकाच जाळ्यात येतात. व्यवस्थापित स्विच हे जाळे पोर्टनिहाय विभागतो; अशा प्रत्येक विभागास 'व्हीलॅन' असे म्हणतात. दोन स्विचमधील सामाईक केबलवरून जाणाऱ्या फ्रेमला आय.ई.ई.ई. ८०२.१क्यू या मानकानुसार (१९९८) ४ बाइटांचा टॅग जोडला जातो. त्यातील १२ बिटांच्या क्रमांकामुळे ४,०९४ व्हीलॅन शक्य होतात. एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात जाणारी माहिती राउटर अथवा लेयर-३ स्विचमार्गेच जात असल्याने तेथे प्रवेशाचे नियम लावता येतात. मात्र नव्या स्विचचे सर्व पोर्ट बहुधा व्हीलॅन १ मध्येच असतात. त्यामुळे विभागांचे नियोजन करून पोर्टची मांडणी न केल्यास महागडा व्यवस्थापित स्विचही साध्या स्विचप्रमाणेच वागतो आणि लेखा विभाग असुरक्षितच राहतो.