डाग पॉलिशचा की पेटीचा?

व्हिक्टोरियन काळातली चहाची एखादी पेटी घ्या. आत साध्या लाकडाचा सांगाडा, त्यावर महोगनी किंवा शिसवीचं पातळ व्हिनियर आणि सगळ्यात वर फ्रेंच पॉलिश. झाकणावर पांढुरका डाग उमटला की हात आधी पॉलिश पेपरकडे जातो, आणि अशा लहान वस्तूंची खरी नासाडी डागापेक्षा या पेपरनेच होते. व्हिनियर जेमतेम मिलिमीटरभर, त्यातून आधीच्या दुरुस्त्यांत घासलेलं. कडेला चार हात जास्त फिरले की खालचं फिकं लाकूड डोकावतं, आणि तिथे मग कुठलंच पॉलिश कामाला येत नाही.

म्हणून आधी बिघाड कुठल्या थरात आहे ते पाहावं. फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा. तो वाळल्यावरही स्पिरिट लागलं की मऊ पडतो, आणि सगळी दुरुस्ती याच गुणावर चालते. पेटीच्या बुडाशी स्पिरिटचा एक थेंब टेकवून पाहा. जागा चिकट झाली तर चपडा. ढिम्म राहिली तर नंतर कुणीतरी दुसरंच वॉर्निश फासलेलं असण्याची शक्यता जास्त. ढगाळ पांढरेपणा बहुधा थरात अडकलेल्या ओलीचा असतो. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं. मुंबईच्या जुलैत ताजं पॉलिश दुधाळ होतं ते यामुळेच. कोरड्या दिवशी, मलमलीत गुंडाळलेला कापसाचा बोळा स्पिरिटने नावापुरता ओलावून एकदाच झरझर फिरवला, तर तो बऱ्याचदा जातो. तडा मात्र एका कडेपासून दुसरीपर्यंत सरळ गेला असेल, तर खालच्या फळ्यांचा सांधा उघडलाय असं समजावं. नखाने टकटक करा. पोकळ आवाज आला तर सरस सुटलाय. जुना सरस ऊब आणि ओल मिळाली की पुन्हा धरतो, पण तीच ऊब आणि ओल पॉलिशवर डाग पाडते. तेव्हा आधी व्हिनियर बसवायचं, पॉलिशचं नंतर.

यावर कारागीर म्हणतील, जुनं काढून नवं चढवणं ही तर या धंद्याची रीतच आहे. खरंय, आणि थर पार भुगा झाला असेल तर तो काढावाच. पण स्पिरिट आणि फडक्याने. उजेडाने लाकडाला आलेला रंग अगदी वरवरच्या थरात असतो, पेपर तोच आधी खातो. राहता राहिला आठवडा उलटूनही न जाणारा चिकटपणा. त्याचं खापर हवेवर फुटतं, पण पुष्कळदा दोष बाटलीचा असतो: महिनोन्महिने भिजत पडलेला चपडा नीट कडक होतच नाही.