तोफांच्या तटाखालचे गाणे

आम्हां खासबागकरांना किल्ला म्हटला की बेळगावचा खंदकाने वेढलेला भुईकोट आठवतो. मॉरिशसमधील पोर्ट लुईचा ‘सिटाडेल’ मात्र टेकडीवर उभा आहे. आपल्या सह्याद्रीसारख्याच काळ्या दगडात इंग्रजांनी तो १८३४ ते १८४० या काळात बांधला आणि त्याला राणी ॲडलेडचे नाव दिले. भय केवळ समुद्रावरील शत्रूचे नव्हते. १८३५ मध्ये गुलामगिरी उठताच फ्रेंच मळेवाले बंड करतील, अशीही धास्ती होती. ते बंड झालेच नाही.

गुलाम सुटले, तरी उसाला हात हवेच होते. म्हणून १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले गेले. त्यांत आपली कोकणी माणसेही होती. तटावरून खाली बंदर दिसते. तेथेच आप्रवासी घाट आहे. १८४९ पासून मजुरांच्या तांड्यांमागून तांडे या घाटावर उतरले. तेथील १६ दगडी पायऱ्या आजही त्यांची आठवण देतात. २००६ मध्ये युनेस्कोने हा घाट जागतिक वारसा ठरविला.

त्या मराठी मजुरांच्या वंशजांच्या घरी आज बहुधा क्रिओल बोलली जाते. पण गणेशचतुर्थीला जाखडीचा फेर अजून धरला जातो. संगीत शिकविणाऱ्याला यातले मर्म चटकन उमगते. बोली बदलते, शब्द पुसट होतात. ठेका मात्र पायांत राहतो. पण तोही आपोआप राहत नाही, वडीलधाऱ्यांनी मुलांना फेरात ओढावे लागते. सीमेवर राहणाऱ्या आपणांस हे वेगळे सांगायला नको.

वाचकहो, किल्ला अवश्य पाहा. पण टेकडी उतरल्यावर घाटावरही जा.